तिसरी चिंधी

माझ्या भावोजींना वास येत नाही, हे मला ताईच्या स्वयंपाकघरात कळलं. ताई गॅलरीत कपडे वाळत घालत होती, दूध गॅसवर होतं आणि भावोजी शेगडीपासून दोन हातांवर बसून शब्दकोडं सोडवत होते. दूध उतू गेलं, करपलं, भांड्याचा तळ काळा पडला. मला बाहेर चपला काढताना ठसका लागला आणि हे आपले आडवे-उभे शब्द शोधतायत! ताई धावत आली आणि तिनं गॅस बंद केला. मी म्हणालो, "अहो भावोजी, झोप लागली की काय?" ते हसले, पण ताई काही हसली नाही.

मला जिन्यापर्यंत सोडायला आली तेव्हा तिनं सांगितलं. मागच्या थंडीत त्यांना तो मोठा ताप आला होता ना, त्यात वास गेला तो गेलाच. "कुणापाशी बोलू नकोस, तुला माझी शपथ आहे. वर्कशॉपमध्ये कळलं तर कोण ठेवणार त्यांना?"

"वेडी आहेस का ताई? घरातली गोष्ट मी बाहेर सांगेन होय?" असं म्हणून मी जिना उतरलो, आणि उतरताना मला इतका आनंद झाला की काय सांगू! खोटं कशाला बोलायचं. झाला.

हा आनंद कशाचा, ते आधी ऐका, मग मला काय नावं ठेवायची ती ठेवा. ट्रकच्या ज्या वर्कशॉपमध्ये आम्ही दोघं काम करतो, तिथले बडे मिस्त्री म्हणजे भावोजी. त्यांची ख्याती वासावर. गाडीखाली तेलाचा थेंब दिसला की तो बोटावर घ्यायचे, नाकाशी न्यायचे आणि सांगायचे, हे इंजिनचं, हे गिअरचं, हे ब्रेकचं. कधी चूक नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ड्रायव्हर मंडळी त्यांचे डोळे बांधायची आणि वेगवेगळ्या तेलांत बुडवलेल्या चिंध्या पुढे करायची. हे एकेक ओळखायचे आणि सगळे टाळ्या पिटायचे. लांबलांबचे ड्रायव्हर विचारत यायचे, "ते नाकवाले मिस्त्री कुठे आहेत?"

आणि मी? चौदा वर्षं झाली मला तिथे. इंजिन उतरवतो, चढवतो, क्लच बदलतो, हौद्याच्या पाट्यांपासून हॉर्नपर्यंत सगळं करतो. पण मला अख्ख्या वर्कशॉपमध्ये मेव्हणा म्हणतात. मिस्त्रींचा मेव्हणा. ड्रायव्हर हाक मारतात, "ए मेव्हण्या, पाना दे." जो माझा कोणी लागत नाही तोसुद्धा! पगाराच्या दिवशी मालकीणबाईसुद्धा केबिनमधून तेच ओरडतात. काम भावोजींनीच शिकवलं, ते मी नाकारत नाही. पण शिकवताना चार माणसांत जे बोलायचे, ते माझ्या डोक्यात गेलेलं आहे. "तुझ्या बहिणीकडे बघून ठेवलंय तुला," हे तर उठता बसता.

दूध करपलं त्यानंतर दोन महिन्यांत दोन गाड्या आमच्याकडून दुरुस्त होऊन परत आल्या. दोन्ही वेळा गळती भावोजींनी एक सांगितली आणि निघाली भलतीच. इतरांना वाटलं, वय झालं. मला कारण माहीत होतं आणि मी गप्प होतो. दुसऱ्या वेळी मालकीणबाई केबिनमधून बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मिस्त्री, दोन झाल्या. तिसरी परत आली आणि चूक तुमची निघाली, तर तुम्ही घरी बसायचं. मला इथे आणखी ऐकून घ्यायचं नाही." भावोजींनी मान हलवली आणि हात पुसत राहिले. त्या दिवसापासून मी तिसऱ्या गाडीची वाट बघत होतो.

ती आली एका सोमवारी सकाळी. वीस वर्षांची जुनी गाडी, खडी वाहणारी. तिचा क्लच आम्ही आधीच्या बुधवारी बदलला होता. गिअरबॉक्स खाली घेतला, जळकी प्लेट काढली, नवी घातली. उघडलंच आहे तर म्हणून गिअरबॉक्सच्या तोंडाचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, तेही नवं टाकलं. मग भावोजींनी वरून आणि मी खालून मिळून गिअरबॉक्स परत चढवला. गाडी ठणठणीत गेली होती. आता ड्रायव्हर खाली उतरला तोच तोंड सोडून. मोठा अंगापिंडाचा माणूस, त्याला सगळे पैलवान म्हणायचे.

"काय काम करता का मस्करी करता? चढावर क्लच घसरतोय! इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. मागे बसगाड्या उभ्या, लोक शिव्या घालतायत. खाली बघा, नुसतं तेल!"

मी गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली आणि खाली उतरलो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचची लोखंडी पेटी असते. तिच्या तळाला एक भोक असतं. त्या भोकातून थेंब पडत होता, सावकाश, एकामागून एक. आता तेल त्या पेटीत येऊ शकतं तीन ठिकाणांहून. एक तर इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं पॅकिंग फाटलं की ते पाठीवरून ओघळत खाली येतं. दुसरं, इंजिनचं मागचं सील. तिसरं, गिअरबॉक्सचं पुढचं सील. पहिली दोन म्हातारपणाची दुखणी, त्यात आमचा दोष नाही. तिसरं मात्र आम्ही पाच दिवसांपूर्वी स्वतःच्या हातांनी नवं बसवलेलं. ते गळत असेल तर चूक शंभर टक्के आमची, आणि आमची म्हणजे बड्या मिस्त्रींची.

रंगावरून काही कळत नाही. क्लचच्या भुकटीत मिसळलं की सगळंच तेल काळं. मी वरून सुरुवात केली. इंजिनची पाठ डिझेलनं धुतली, फडक्यानं कोरडी केली, तेल ओघळलं तर डाग दिसावा म्हणून तिच्यावर पावडर मारली आणि गाडी अर्धा तास चालू ठेवली. पावडर पांढरीच्या पांढरी राहिली. म्हणजे वरच्या झाकणाचा दोष नव्हता. राहिली दोन सीलं.

मग भावोजी खड्ड्यात आले. थेंब तर्जनीवर घेतला, अंगठ्यानं चोळला, दोन बोटं लांब करून बघितली. मग डोळे मिटून बोट नाकाशी नेलं, नेहमीसारखंच, अगदी साग्रसंगीत. वर पैलवान वाकून बघत होता आणि आणखी चार-पाच जण जमले होते.

"इंजिनचं आहे," भावोजी म्हणाले. "मागचं सील गेलंय. गाडीचं वय झालं. क्लचच्या कामाशी संबंध नाही. गिअरबॉक्स उतरवून सील बदलून देतो, परवा गाडी घेऊन जा."

ते वर गेल्यावर मी बोट भोकाखाली धरलं. अहो, नाकापर्यंत न्यायचीसुद्धा गरज नव्हती! कुजक्या अंड्यासारखा भपकारा. गिअर ऑइल, दुसरं काही नाही. मी खड्ड्यात एकटाच होतो आणि हसू दाबता दाबता माझं पोट दुखलं.

कोणी म्हणेल, तेव्हाच सांगायचं होतं सरळ. वर जायचं, मालकीणबाईंना म्हणायचं, हे गिअरचं तेल आहे, मिस्त्री चुकले. पण मग ते एका चुकीवर भागलं असतं. पुन्हा कोणीतरी म्हणालं असतं, होतं असं एखाद्या वेळी, एवढी वर्षं काढली माणसानं. मला ते नको होतं. ह्या माणसाला वास येतच नाही आणि तरी तो वास घेतल्याचं नाटक करतो, हे सगळ्यांना दिसायला हवं होतं. चौदा वर्षं चार माणसांत मी ऐकलं होतं, आता त्यांची पाळी.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाकड्यांवर बसले होते. मालकीणबाईही चहाचा कप घेऊन केबिनच्या दारात उभ्या होत्या. मी मोठ्यानं म्हणालो, "पैलवान, तुम्ही आमच्या मिस्त्रींचा खेळ कधी बघितलाच नसेल ना? डोळे बांधून तेल ओळखतात. कितीतरी दिवसांत झाला नाही. होऊन जाऊ दे भावोजी!"

"आज नको," ते म्हणाले. "काम पडलंय."

"अहो, पाहुण्याला नाही कशाला म्हणता?" दुसऱ्या एका ड्रायव्हरनं त्यांना ओढून उठवलं. सगळ्यांनी गलका केला. भावोजींनी एकदा माझ्याकडे बघितलं. ताईनं मला सांगितलंय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं असणार, निभावून नेऊ. रुमाल बांधून घेतला आणि मधोमध उभे राहिले.

मी पहिली चिंधी हातात दिली. त्यांनी ती चुरगाळली, बोटं एकमेकांवर घासली, नाकाला लावली. "इंजिन ऑइल. जुनं." बरोबर होतं. टाळ्या पडल्या. दुसरी दिली. पुन्हा चुरगाळणं, घासणं. "हे गिअरचं." तेही बरोबर! पैलवान म्हणाला, "वा रे पठ्ठे!" आणि माझं डोकं सणकलं. बोटांनी ओळखत होते ते. गिअरचं तेल चिकट असतं, बोटांत तार धरतं. वर्षानुवर्षं हाताळलेलं, कळणारच.

"आता शेवटची," मी म्हणालो. "पण ही अवघड आहे हां. हात लावायचा नाही. हात मागे बांधा."

त्यांनी हात पाठीमागे घेतले. मी मोरीत जाऊन तिसरी चिंधी फिनेलमध्ये बुडवून आणली. त्या वासानं पहिल्या बाकड्यावरचे दोघं मागे सरकले. एकानं नाकावर बाही धरली. मी चिंधी त्यांच्या नाकाखाली अगदी मिशीला लागेल अशी धरली. ते लांब श्वास घेऊन उभे राहिले आणि डोकं जरा तिरकं केलं. पूर्वी ओळख पटत आली की करायचे तसंच.

"गिअर ऑइल," ते म्हणाले. "पण ह्यात पाणी गेलंय."

 भावोजी हसत उभे होते, टाळ्यांची वाट बघत. मग कोपऱ्यातून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळेच. पैलवान मांडीवर हात आपटत होता. "अहो मिस्त्री, संडासात घालायचं फिनेल आहे ते!" भावोजींनी रुमाल काढला. चेहरा राखेसारखा झाला होता. मालकीणबाई हसत नव्हत्या.

"मिस्त्री, वास येत नाही तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "कधीपासून?"

"थंडीपासून," भावोजी म्हणाले.

"आणि गाड्या तपासत होतात? नाकाला बोट लावून आम्हाला बनवत होतात?"

 मी पुढे झालो आणि अगदी नम्रपणे म्हणालो, "बाई, पैलवानांच्या गाडीतलं तेलसुद्धा गिअरचं आहे. मी वास घेतला. कोणीही घ्या." तीन जण खड्ड्यात उतरून आले आणि तिघांनीही तेच सांगितलं. बाई म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता गिअरबॉक्स उतरवा. कुणाची चूक ते मला डोळ्यांनी बघायचंय."

दोन तासांत मी तो खाली घेतला. एवढ्या उत्साहानं मी आयुष्यात काम केलेलं नाही, शीळ घालत होतो. भावोजी मदत करत होते, मी सांगेन तो पाना देत होते. गिअरबॉक्स ट्रॉलीवर मागे सरकला आणि मी टॉर्च मारला. इंजिनची बाजू खडखडीत कोरडी. गिअरबॉक्सच्या तोंडाखाली मात्र तेलाचा ओला पट्टा. मी सील उचकटून काढलं आणि त्याच्या आतल्या कडेवरून, ओठावरून, बोट फिरवलं. बोट अडकलं. रबराच्या ओठाला एक बारीक सरळ चीर होती.

माझी शीळ तिथेच थांबली.

सील बसवायचं ते शाफ्टवरून सरकवत. शाफ्टला दाते असतात, सुरीसारखे. म्हणून भावोजी आधी त्या दात्यांवर प्लास्टिकची पातळ पिशवी गुंडाळतात, वर ग्रीस लावतात, मग सील सरकवतात आणि पिशवी ओढून काढतात. न गुंडाळता सरकवलं तर दाता ओठाला अशीच सरळ चीर पाडतो. बुधवारी भावोजी वर इंजिनपाशी होते. सील मी बसवलं होतं. पिशवी शोधायचा कंटाळा केला होता. कोण बघतंय, असं वाटलं होतं.

खड्ड्यात आम्ही दोघंच होतो. भावोजी हळू म्हणाले, "दिसली ना चीर?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"बोटाला कळलं होतं सकाळीच. गिअरचं आहे म्हटल्यावर आणखी काय असणार? सील तू बसवलंस."

"मग इंजिनचं का म्हणालात?"

"इंजिनचं सील बदलायलासुद्धा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो ना रे? उतरवला असता, तुझंही सील गुपचूप बदललं असतं. तूही वाचला असतास, मीही वाचलो असतो." त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "तुला एवढी घाई कशाची झाली होती?"

 तेवढ्यात वरून मालकीणबाईंचा आवाज आला, "काय निघालं?" सगळे कडेनं वाकले होते. मी सील वर दिलं. बाईंनी चीर बघितली, पैलवानानं बघितली.

"हे कुणी बसवलं?" बाईंनी विचारलं.

 मला बोलता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. मी टॉर्च बंद केला, पुन्हा चालू केला, आणि बोललो नाही. भावोजी माझ्याकडे बघत होते.  मग म्हणाले, "ह्यानं बसवलंय. मेव्हण्यानं. मी वर होतो."

वर एकदम गलका झाला. "आता मेव्हण्यावर ढकलताय?" "सकाळी इंजिनवर ढकललं, आता ह्याच्यावर!" "अहो लाज बाळगा जरा!" पैलवान तर खड्ड्यात थुंकला. भावोजी पुन्हा म्हणाले, "खरं सांगतोय, त्याला विचारा." बाईंनी मला विचारलं, "काय रे?"

सगळे माझ्याकडे बघत होते, पहिल्यांदाच, आणि त्यांच्या नजरेत माझ्याबद्दल दया होती. मी कपाळावरचा घाम पुसला. म्हणालो, "जाऊ द्या बाई. घरातले मोठे आहेत. मी काय बोलणार?"

झालं. एवढंच बोललो मी. बाईंनी भावोजींना तिथल्या तिथे सांगितलं की उद्यापासून येऊ नका. ते वर आले, हात धुतले, कोपर घासून घासून धुतले, आणि फाटकातून गेले. कोणी रस्ता दिला नाही की अडवलं नाही. मी नवं सील आणलं, पिशवी गुंडाळून बसवलं, आणि संध्याकाळी पैलवान गाडी घेऊन गेला. जाताना म्हणाला, "चालू द्या मिस्त्री." मी वळून बघितलं, कुणाला म्हणतोय म्हणून. मलाच म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई वर्कशॉपमध्ये आली. आजवर ती इथे कधी आली नव्हती. रात्रभर रडली असावी, डोळे सुजले होते.  म्हटलं, आता ही शपथ मोडल्याचा जाब विचारणार, कानफटात मारणार. मारली असती तर बरं झालं असतं. ताईनं मला बाजूला घेतलं आणि माझा हात धरला.

"सगळं माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "मी तुला सांगायलाच नको होतं. पण तू तरी किती दिवस गाड्या बिघडू देणार होतास? कधीतरी बाहेर पडणारच होतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक विचारू? हे म्हणतात, ते सील तू बसवलं होतंस. म्हणतात, तू ऐकून घेतलंस आणि गप्प बसलास. रात्रभर तेच तेच. मी म्हटलं, माझा भाऊ असं करणार नाही. त्यांनी मला पोरांची शपथ घेऊन सांगितलं. तू सांग ना, तू बसवलंस?"

ताईचे हात गार होते. तिच्यामागे दोन ड्रायव्हर उभे होते, ऐकत होते की नाही ते माहीत नाही. मला तिला खरं सांगायचं होतं, अगदी जिभेवर आलं होतं. तिला सांगितलं असतं तर घरात तरी त्या माणसाच्या शब्दाला किंमत राहिली असती. मला तेव्हाही हे कळत होतं.

"नाही ताई," मी म्हणालो.

तिनं सुटकेचा श्वास टाकला. मान हलवत राहिली, स्वतःशीच. "वाटलंच मला. तापानंतर डोकंच ठिकाणावर राहिलं नाही त्यांचं. पोरांचीसुद्धा खोटी शपथ घ्यायला लागले. मी रात्री त्यांना नको ते बोलले, तरी हेका सोडेनात. शेवटी भिंतीकडे तोंड करून पडले ते अजून उठले नाहीत."

"सांभाळून घे त्यांना," मी म्हणालो.

"घेईन. दुसरं काय करणार?" तिनं डोळे पुसले. भिंतीशी भावोजींच्या हत्यारांची पेटी होती, त्यांनी स्वतः पत्रा वाकवून बनवलेली. ती न्यायलाच आली होती ताई. वाकून उचलायला गेली, जड लागली, आणि तिनं ती तशीच खाली ठेवली. पायानं माझ्याकडे सरकवली.

"तूच ठेव," ती म्हणाली. "त्यांना आता काय उपयोग."

मी पेटी उचलली आणि माझ्या कपाटात ठेवली.